दोन जावा, एक जागा

४ फेब्रुवारी

राऊटरला कुलूप!

कपाट काचेचं, आत निळं मखमली कापड, त्यावर राऊटर, आणि कपाटाला भलंमोठं कुलूप. दागिन्यांच्या दुकानातसुद्धा विचारलं तर हार बाहेर काढून दाखवतात. इथे मी नेटवर्क इंजिनिअर व्हायला आलेय आणि राऊटरला हात लावायचा नाही! आज उठून सरळ विचारलं— सर, हा सुरू करून कधी बघायचा? सर म्हणाले, तो दाखवण्यासाठी आहे. किल्ली संचालकांकडे असते. आणि संचालक बाहेरगावी असतात. कायम.

सर पडद्यावरचं वाचतात. म्हणजे अक्षरशः वाचतात. पडद्यावर चूक असली तर चूकही वाचतात. मागे बसलेले दोघे झोपतात आणि सर त्यांना उठवत नाहीत, कारण मग प्रश्न विचारतील.

कुरिअरच्या ऑफिसात इतकी वर्षं पावत्या टाईप केल्या. नेट बंद पडलं की एक मुलगी यायची— पाठीला सॅक, केस वर बांधलेले. कोपऱ्यातल्या कपाटात डोकं घालायची, थोडं खुडबुड करायची, की सगळं चालू. मालक तिच्यासाठी स्वतःची खुर्ची सरकवायचा. मला कधी पाणीही विचारलं नाही. तेव्हाच ठरवलं होतं, हे शिकायचं. आणि शिकतेय काय, तर पाठांतर.

५ फेब्रुवारी

काल एक लिहायचं राहिलं. दुसरा वैताग जाऊबाई.

क्लास गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मला स्कूटर येत नाही, त्यांना येते. म्हणून त्या सोडतात, खाली जिन्यात बसून राहतात आणि परत आणतात. इथवर ठीक. पण सरांना दया आली. म्हणाले, बाहेर उकडतंय, आत येऊन बसा. आता रोज मागच्या बाकावर! फी माझी, शिकतायत त्याही. तिथे बसून शेंगदाणे खातात आणि मध्येच मोठ्यांदा विचारतात— सर, पण ही वायर तुटली तर?

सरांनी पहिल्या दिवशी विचारलं, तुमचं नातं काय? जाऊबाई म्हणाल्या, आम्ही जावा. सर म्हणाले, जावाचा कोर्स वेगळा आहे, वरच्या मजल्यावर.

घरी येईपर्यंत त्या स्कूटरवर हसत होत्या. सिग्नलला लोक बघत होते.

१३ फेब्रुवारी

प्रश्नसंच वाटला. एवढा जाडजूड. सर म्हणाले, परीक्षेत यातलेच येतात, उत्तरं पाठ करा. मी म्हटलं, पण हे असं का, ते कळत नाही. सर म्हणाले, ते परीक्षेत येत नाही.

मागच्या बाकावरून— मग कुठे येतं?

कोणी हसलं नाही. मला मात्र त्या वेळी जाऊबाईंचा राग आला. प्रश्न माझा होता. तो त्यांनी का विचारावा?

२ मार्च

पास! चांगल्या मार्कांनी. सर्टिफिकेट मिळालं, कडेला सोनेरी नक्षी. नवऱ्याने ते दोन्ही हातांनी धरून वाचलं आणि म्हणाला, आता आपलं वायफाय तरी नीट चालेल. सासूबाईंनी विचारलं, म्हणजे आता तू वायरमन का? मी म्हटलं इंजिनिअर. त्या म्हणाल्या, बरं, तेच.

आनंदाच्या दिवशीही माणसाने किती गिळायचं?

९ मार्च

आजचा दिवस आयुष्यातून पुसून टाकता आला तर बरं.

मुलाखत होती. छोटीशी कंपनी, ऑफिसांची नेटवर्कं सांभाळते. समोर एक बाई आणि एक गृहस्थ. सर्टिफिकेट पाहिलं, मान डोलावली. मग त्या बाईने ड्रॉवर उघडून टेबलावर केबलचा तुकडा, दोन प्लग आणि एक पकड ठेवली. म्हणाली, एवढं एक टोक करून द्या, प्लग बसवून.

मला केबलच्या आतल्या आठही तारांचे रंग क्रमाने पाठ आहेत. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा... झोपेतून उठवून विचारा. पण पकड कशी धरायची ते माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली. साल सोलताना दोन तारा कापल्या गेल्या. दुसऱ्यांदा तारा आत जाईनात. बोटांना घाम. ती बाई नुसती बघत होती. ते सगळ्यात वाईट.

शेवटी गृहस्थ म्हणाले, सर्टिफिकेट छान आहे. फ्रेम करून लावा.

हे असं बोलायची काय गरज होती? नाही म्हणा, घरी पाठवा. फ्रेम कशाला काढता?

खाली जाऊबाई स्कूटरवर. काय झालं, म्हणाल्या. सांगितलं. आणि त्या हसल्या! वाईट हसल्या नाहीत, त्यांचं नेहमीचंच ते, पण हसल्या. मी स्कूटरवर बसले नाही. चालत आले. त्या माझ्या मागून स्कूटर हळूहळू चालवत आल्या, सगळा रस्ता. आणखी तमाशा.

१० मार्च

जाऊबाईंशी बोलले नाही. स्वयंपाकघरात दोघी, आणि बोलतंय फक्त कुकर.

१४ मार्च

क्लासवर गेले होते. भांडायलाच. आणि नशीब बघा— संचालक हजर.

मी म्हटलं, बाहेर पाटीवर नोकरीची हमी लिहिलीय. ते म्हणाले, हमी म्हणजे मदत. मी म्हटलं, मग मदत करा. ते म्हणाले, तीच करतोय, पुढच्या कोर्सला तुम्हाला सवलत. अंगाचा तिळपापड झाला. पण मला भांडताना शब्द सुचत नाहीत, रडू येतं. याचाही राग येतो.

सोडायला आलेल्या जाऊबाई खाली थांबायचं सोडून वर आल्या होत्या. दारातून म्हणाल्या, "ते राहू दे साहेब. कपाट उघडा. हिला एकदा हातात घेऊ दे."

संचालकांनी खूप कारणं दिली. जाऊबाई खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, आम्हाला घाई नाही.

शेवटी किल्ली निघाली. मी राऊटर उचलला आणि दचकलेच. चपलेचा रिकामा खोका उचलावा तसा हलका! आत काहीच नाही. नुसतं कवच. दुकानाच्या काचेत मांडायला ठेवतात तसलं.

इतके महिने आम्ही एका रिकाम्या डब्यासमोर बसून शिकलो. शेजारी उभ्या सरांनाही माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. ते बिचारे स्वतःच पडद्यावरून शिकलेले असणार.

बाहेर आल्यावर मी रडले. जाऊबाईंनी रुमाल दिला, शेंगदाण्याची सालं चिकटलेला. म्हणाल्या, चल, खरा शोधू.

२२ मार्च

जुन्या सामानाच्या बाजारात गेलो. ऑफिसं बंद पडली की तिथलं सगळं इथे येतं— खुर्च्या, टेलिफोन, की-बोर्डांचे ढीग. दोन राऊटर आणि बरेच कॉम्प्युटर एकत्र जोडायचा एक स्विच घेतला. सोबत पकड, टेस्टर आणि केबलचं अर्धवट भेंडोळं. माझी कुरिअरमधली शिल्लक यात गेली. जाऊबाईंनीही घातले, मी नको म्हणत असताना. आता त्याही मालकीण! म्हणजे मला काही बोलता येणार नाही.

घरी येऊन लावलं तर एक राऊटर मेलेला. दुकानदार सकाळी शपथेवर चालू म्हणाला होता. उद्या जाऊन त्याला दाखवते!

२३ मार्च

दुकान बंद.

२ एप्रिल

माळ्यावर संसार मांडलाय. वाकून जावं लागतं. स्विचचा पंखा इतका घोंघावतो की सासूबाई खालून विचारतात, पीठ दळताय का? मोठ्या दिरांनी, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांनी, एक टेबल फॅन आणून दिला. काही बोलले नाहीत. ते तसेच— छापखान्यात दिवसभर यंत्रांचा आवाज, घरी येऊन तोंड उघडत नाहीत.

मुलं शाळेत गेल्यावर आणि दुपारची भांडी झाल्यावर आम्ही वर जातो. जाऊबाईंची टोकं सुबक होतात. बोटं लांब आहेत त्यांची. पण आज्ञा टाईप करायला भितात, एकेक अक्षर शोधत बसतात, आणि चूक झाली की स्विचची क्षमा मागतात. मोठ्याने. मला कॉम्प्युटरच्या पत्त्यांचे हिशोब येतात, कुठला आकडा कुठल्या गटात ते झटकन कळतं. टोकं मात्र दहातली सहा वाया.

आज पहिल्यांदा घरातले दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलले. इकडून हाक, तिकडून उत्तर. पडद्यावर चार ओळी. मग जाऊबाई म्हणाल्या, परत कर.

११ एप्रिल

आज भांडण. मी स्विचमध्ये दोन गट पाडले होते, एका गटाने दुसऱ्याचं ऐकू नये असे. सकाळभर डोकं घालून. जाऊबाईंनी झाडू मारताना वीज काढली, आणि मी जतन केलं नव्हतं. गेलं सगळं!

मी बोलले बरंच. त्या म्हणाल्या, जतन करायचं कुणी होतं? खरं आहे. खरं आहे म्हणूनच जास्त राग आला.

२० एप्रिल

घरचं इंटरनेट आमच्या राऊटरमधून वळवून बघितलं. मालिकेच्या ऐन वेळी सासूबाईंचा टीव्ही बंद. त्या माळ्याच्या शिडीशी उभ्या राहून म्हणाल्या, दोन-दोन सुना इंजिनिअर, आणि घरात अंधार.

नवरा म्हणाला, तक्रार नोंदवा, क्रमांक मिळेल. याला प्रत्येक गोष्टीत चेष्टा सुचते. एक दिवस याचा मोबाईलच बंद पाडीन. आता येतं ते मला.

६ मे

शिडीवाल्यांकडे गेलो. गावातल्या निम्म्या ऑफिसांचं केबलचं काम यांच्याकडे असतं. गाडीवर कायम शिडी बांधलेली, म्हणून सगळे शिडीवालेच म्हणतात. म्हटलं, शिकाऊ म्हणून घ्या. त्यांनी दोघींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, बायका? शिडीवर?

मी विचारलं, शिडी विचारते का कोण चढतंय? (हे मी खरंच म्हटलं! आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर सुचलं.)

घेतलं. पण काय काम दिलं, तर केबलींना चिठ्ठ्या लावायचं.

१५ मे

चिठ्ठ्या. दिवसभर चिठ्ठ्या. डोळ्यांच्या हॉस्पिटलची नवीन इमारत आहे, मजल्या-मजल्यावर केबलींच्या जुड्या लोंबतायत, आणि मी खाली बसून 'तळमजला, तपासणी खोली, डावीकडून दुसरा' असं लिहून चिकटवतेय. माझ्यानंतर आलेला पोरगेला वायरमन शिडीवर. मी शिडीवाल्यांना दोनदा सांगितलं की हा अन्याय आहे. ते म्हणाले, असेल.

जाऊबाईंना मात्र शिडी मिळाली! कशी? वायरमन लोकांच्या घरच्यांची चौकशी करतात, कुणाला मूल झालं, कुणाची आई आजारी. गप्पा मारता मारता म्हणाल्या, जरा उतर रे, मी बघते. तो उतरला. झालं.

मी हक्क मागत बसले, त्या चढल्या. मला हे पटत नाही. हक्काची गोष्ट गोड बोलून का मिळवायची?

३ जून

मलाही शिडी. जाऊबाईंनी मागून दिली. आभार मानले नाहीत.

वरून छताच्या आतलं दिसतं, नळ्या, धूळ, कुणाचातरी विसरलेला हातोडा. केबल ओढताना खांदे भरून येतात. आज माझी दहाही टोकं पास झाली. टेस्टरवर हिरवे दिवे ओळीने लागत गेले आणि मी उगाचच परत परत बटण दाबत राहिले.

१७ जून

जाऊबाईंनी आज नुकत्याच सुरू झालेल्या हॉस्पिटलचा अख्खा मजला बंद पाडला. एका केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचली. मग निरोप गोल गोल फिरत राहतो, वाढत राहतो आणि सगळी वाट अडते. वर्गात हे पाठ केलं होतं, आज डोळ्यांनी पाहिलं. स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. नोंदणीच्या खिडकीशी रांग दारापर्यंत.

शिडीवाले ओरडले. जाऊबाईंनी कान पकडले आणि हसल्या! मला लाज वाटली. घरी येताना मी त्यांना म्हटलं, तुम्हाला गंमत वाटते, इथे आपलं नाव जातं. तुम्हाला कशाचा राग म्हणून येत नाही का?

त्या म्हणाल्या, येतो गं. रोज कुठे एवढा खर्च करायचा.

२६ जून

लिहायचीही इच्छा नाही, पण लिहिते.

डोळ्यांचा फोटो काढणारं यंत्र आहे. फोटो डॉक्टरांच्या खोलीत पोचायचे, मध्येच थांबायचे, परत पोचायचे. यंत्राच्या कंपनीचा माणूस आला. मी त्याला चारचौघांत सुनावलं— तुमचं यंत्र सदोष आहे, आमचं नेटवर्क तपासलेलं आहे. तो बिचारा यंत्र उघडून बसला. आत म्हातारी माणसं डोळ्यांत औषध घालून ताटकळली होती.

मग माझ्या लक्षात आलं, ते फक्त नोंदणीचा प्रिंटर चालू असतानाच थांबतं. जाऊन बघितलं. यंत्राला आणि प्रिंटरला मी एकच पत्ता दिला होता. दोन घरांना एक पत्ता, मग टपालवाल्याने काय करायचं?

बदलला. लगेच चालू. मला गप्प राहता आलं असतं. पण त्या माणसाच्या हातात अजून स्क्रू होते. जाऊन सांगितलं की चूक माझी. तो म्हणाला, होतं. एवढंच. त्याने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

शिडीवाले म्हणाले, तुम्ही आधी भांडता, मग तपासता. उलटं करून बघा.

८ जुलै

हॉस्पिटलला कायमचा नेटवर्क तंत्रज्ञ हवाय. एकच जागा. शिडीवाल्यांनी आमची दोघींची नावं दिली.

एकच! सासूबाई जेवताना एकदा माझ्याकडे बघायच्या, एकदा जाऊबाईंकडे. माळ्यावर आज दोघी गेलो, पण सरावात मजा नव्हती. त्या मला आज्ञा विचारत होत्या आणि मी सांगताना क्षणभर थांबले. का थांबले ते मला माहीत आहे.

मग सांगितली. नीट सांगितली. दोनदा.

१४ जुलै

परीक्षा आणि मुलाखत, दोन्ही झालं. पेन दाबून लिहितेय— रागाने!

परीक्षा चांगली होती. बिघडवून ठेवलेलं छोटं नेटवर्क, दुरुस्त करायचं. एकेकीने आत जायचं. मी आधी केबल, मग दिवे, मग पत्ते, असं खालून वर तपासत गेले. सापडलं. जाऊबाईंचंही झालं म्हणाल्या. मग व्यवस्थापकांकडे मुलाखत. आधी जाऊबाई. लगेच बाहेर आल्या. मग मी.

कामाबद्दल फार काही विचारलंच नाही. म्हणाले, तुमचा विचार करतोय. पण रात्रपाळी असते, कधी एकटीने थांबावं लागतं. यजमानांना एकदा घेऊन या. त्यांच्या तोंडून ऐकलं की आम्ही निर्धास्त.

म्हणजे? टोकं मी करायची, पत्ते मी द्यायचे, शिडीवर मी चढायचं, आणि हो म्हणायचं त्याने? शिडीवाल्यांकडे तो वायरमन आहे, त्याला कुणी म्हटलं का बायकोला घेऊन ये? मी शाळकरी मुलगी आहे का, पालकांना बोलावणं धाडायला? माझ्या वयाच्या बाईला असं तोंडावर विचारताना जीभ कशी उचलते! आणि वर हसत हसत, चहा मागवून. ज्या खोलीत नेट मी ओढलं त्याच खोलीत!

जिना उतरताना जाऊबाईंना विचारलं, तुम्हालाही तेच सांगितलं? त्या म्हणाल्या, हो. मी म्हटलं, मग? त्या म्हणाल्या, मग काय. बैस, उशीर होतोय.

बघा! यांना कशाचं काही नाही.

१५ जुलै

नवऱ्याला घेऊन गेले.

तो खुर्चीत बसला, मी शेजारी. व्यवस्थापक सगळं त्याच्याकडे बघून बोलले. पाळ्या, सुट्ट्या, पगार. माझ्या पगाराचा आकडा त्याला सांगितला! तो म्हणाला, माझी काय हरकत, घरी तर मीच तिच्या परवानगीने नेट वापरतो. दोघेही हसले. मी पण हसले. हसू आलं नव्हतं तरी हसले.

परत येताना त्याला म्हटलं, तुला चेष्टा करायची हीच जागा सापडली? तो म्हणाला, अगं, मग काय करू, रडू? मी गंभीरपणे परवानगी दिली असती तर तुला आवडलं असतं?

नसतंच आवडलं. त्याचाही राग.

१८ जुलै

मिळाली! नोकरी मला मिळाली!

सासूबाईंनी शेजारच्या घरी जाऊन सांगितलं, इंजिनिअर हाच शब्द वापरून. मोठे दीर चक्क बोलले— छान. जाऊबाईंनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, पहिल्या दिवशी मी सोडते तुला, मग स्कूटर शीक बाई एकदाची.

रडल्या नाहीत, रुसल्या नाहीत.

२१ जुलै

विचार करतेय तसतसा संताप वाढतोय. जाऊबाईंना का नाही घेतलं? माझ्याइतकंच येतं त्यांना. टोकं तर माझ्यापेक्षा चांगली. मोठे दीरही भेटून आले असतीलच. वय! दुसरं काय असणार? बाई चाळिशीला टेकली, दोन मुलं, की हिला काय जमणार. तोंडावर म्हणत नाहीत एवढंच.

आज नवऱ्यालाही ऐकवलं, सासूबाईंनाही. जाऊबाईंना म्हटलं, मी व्यवस्थापकांशी बोलते, तुमच्यावर अन्याय झालाय. त्या पालक निवडत होत्या. म्हणाल्या, "नको गं. तू तुझं काम कर."

किती सोसतात. आणि किती मुकाट्याने! मला असं कधीच जमणार नाही.

१ ऑगस्ट

पहिला दिवस. सर्व्हरच्या खोलीत इतकी थंडी की स्वेटर न्यायला हवा. कपाटातल्या निम्म्या चिठ्ठ्यांवर माझंच अक्षर. काही कामाच्या आहेत म्हणायच्या.

जाऊबाई शिडीवाल्यांकडेच. पुढचं काम गोदामाचं, आणि त्यांच्या हाताखाली दोन वायरमन दिलेत म्हणे.

९ ऑगस्ट

पहिली रात्रपाळी पार पडली. काही घडलं नाही. एकटीने थांबावं लागतं म्हणून एवढा बाऊ केला होता, आणि मला फक्त झोप येत होती.

१९ ऑगस्ट

आज व्यवस्थापकांच्या खोलीत टेबलाखाली बसून त्यांच्या फोनची केबल बदलत होते. वर ते हिशेबनिसांशी बोलत होते, माझ्याबद्दलच, मी तिथे नसल्यासारखं. म्हणाले, आधी यांच्या जाऊबाईंनाच घेणार होतो. वयाने मोठ्या, शांत. पण यजमानांना घेऊन या म्हटलं, तर म्हणाल्या, काम मी करणार आहे, ते नाहीत. नमस्कार केला आणि उठल्या. मग या आल्या.

केबल लावली. तपासली. बाहेर आले.

घरी जाऊबाई कपडे वाळत घालत होत्या. विचारलं, खरं का? म्हणाल्या, "हो. हे आले असते गं, एका पायावर आले असते. मीच नेणार नव्हते."

मला का नाही सांगितलंत?

"तुला नोकरी हवी होती. मी सांगितलं असतं तर तुला ती घेता आली असती का?"

मी चिमटे हातात देत राहिले.

चौदा जुलैला मी केवढं लिहिलंय इथे. शाई पलीकडच्या पानावर उमटलीय. ते लिहून झाल्यावर मी खाली गेले होते आणि नवऱ्याचा चांगला शर्ट इस्त्री केला होता.